दृष्ट लागलेला अजगर

संपादकांनी पत्रात ‘थरारक अनुभव’ असे शब्द वापरले होते, म्हणून पहिल्याच परिच्छेदात त्यांची निराशा करून टाकते. साप पकडण्यात थरार नसतो. थरार बघणाऱ्यांना असतो. पकडणाऱ्याच्या वाट्याला घाम येतो, मच्छर येतात आणि मागून ‘शेपूट धर, ताई, शेपूट धर’ असं ओरडणारा एक माणूस येतो, जो स्वतः ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसलेला असतो. हा माणूस मला यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात भेटला आहे. चेहरा वेगळा, ट्रॅक्टर वेगळा, सल्ला तोच.

मी मूळची पत्रकवाली. दिवसा यवतमाळच्या एका छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका जुळवते. उरलेल्या वेळात आमच्या चौघांच्या गटासाठी सापांवरची पत्रकं लिहिते आणि मालकांच्या परवानगीनं, पत्रिकांच्या उरलेल्या कागदावर छापते. त्यामुळे आमचं घोणसवरचं पत्रक गुलाबी आहे आणि त्याच्या कोपऱ्यात गणपती आहे. ही पत्रकं बाजाराच्या दिवशी वाटायची. आणि फोन आला की वनखात्याला कळवून पिशवी, आकडा घेऊन निघायचं.

मला पत्रक लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांनी एकच नियम दिला होता: शंकेला जागा ठेवायची नाही. ‘कदाचित’ असं लिहिलंस की वाचणारा त्या कागदात भजी बांधतो. मी हा नियम इमानानं पाळला. भजी तरीही बांधली गेली, ते सोडा. पण या नियमानं माझी भर सभेत जी काही शोभा केली, ती सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात बोरी अरबपासून करावी लागेल, कारण चूक तिथली आहे.

तिथल्या सुमनबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्यात अजगर शिरला होता. आपला रानातला अजगर, चांगला आठ फूट. खुराड्याच्या जाळीत त्याचं अर्धं अंग अडकलेलं, आत कोंबड्यांचा गोंधळ. मी पोचले, खुराडं उघडलं, आधी एकेक कोंबडी धरून बाहेर काढली. मग त्याच हातांनी अजगराच्या मानेखाली हात घातला. त्यानं माझा डावा हात मनगटापाशी धरला आणि कोपरापर्यंत वेढे टाकले. अजगराला विष नसतं, पण दात असतात, आतल्या बाजूला वळलेले. हात ओढला की ते आणखी रुततात. सुमनबाईंनी घागरभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं, तेव्हा त्यानं सोडलं. मी खाली बसले होते. हातातून रक्त चाललं होतं. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, माझा हात नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, “कोंबडीचाच वास येते व तुया हाताले! त्याले काय मालूम हात होय का कोंबडी?”

अजगर हे जनावर समजून घ्यायचं तर या एका वाक्यापाशी यावं लागतं. पण मी तेव्हा सुमनबाईंकडे दुर्लक्ष केलं. मी प्रशिक्षित होते, त्या कोंबड्यावाल्या होत्या.

त्याच आठवड्यात मी ते पत्रक लिहिलं. तेव्हा मी चिडलेलीच होते. गळ्यात अजगर घालून मोबाइलवर नाचणारी पोरं, ‘माझा अजगर माझ्यावर प्रेम करतो’ म्हणणारे शहरातले शौकीन, सगळ्यांवर. राळेगावच्या एका गृहस्थांनी तर फोन करून विचारलं होतं, की गुडघ्याला लावायला अजगराची चरबी किती लागेल. मी म्हटलं, “तुमची तुरुंगात किती दिवस राहायची तयारी आहे त्यावर आहे.” तर अशा सगळ्या रागात, बँडेज बांधलेल्या हातानं, मी जाड अक्षरांत लिहिलं: ‘अजगराचा भरवसा धरू नका! रानातला असो की पाळलेला, तो कारण नसताना कधीही उलटतो!’ खाली पुरावा म्हणून माझ्या हाताचा फोटो. कोंबड्यांचा उल्लेख नाही. कोंबड्यांनी पत्रकाचा जोर कमी झाला असता.

पत्रक जोरात चाललं. पिवळ्या कागदावर होतं, हळदीच्या पत्रिकांचा उरलेला.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका बुधवारी दुपारी छापखान्यात फोन आला. बाईचा आवाज, ठणठणीत.

“साप पकडणारी पोरगी तूच काय?”

“हो. साप कुठे निघाला?”

“निघाला नाही. घरचाच हाय. त्याले मोतीबिंदू झाला.”

मी फोन कानापासून दूर धरून एकदा त्याच्याकडे बघितलं. मग पत्ता लिहून घेतला.

या कुसुमकाकू. राळेगावकडच्या एका गावात त्यांनी सगळी उमर अंगणवाडी चालवली. निवृत्त झाल्यावर यवतमाळला तीन मजली अपार्टमेंटमध्ये घर घेतलं. काका वारले. मुलगी प्राची पुण्यात नोकरीला होती, तिनं तिथं एक विदेशी अजगर पाळला होता. आफ्रिकेतला, छोट्या चणीचा, जेमतेम साडेतीन फूट. दोन महिन्यांपूर्वी तिला कंपनीनं वर्षभरासाठी जर्मनीला पाठवलं. अजगर आईकडे सोडून ती गेली. आपला रानातला अजगर पाळणं हा सरळ गुन्हा आहे. हा विदेशी प्रकार सरकारदरबारी नोंद करून ठेवता येतो, आणि पोरीनं नोंद केली होती. कागद काकूंनी मला दारातच दाखवले, मी तोंड उघडायच्या आत.

तरी मी तोंड उघडलंच. “काकू, साप पाळणं मुळातच चूक आहे.”

“थे प्राचीले सांगजो. मी नाही आणला. मले सोपवला हाय. सोपवलेलं लेकरू मी आजवर उपाशी वापस नाही पाठवलं.”

त्याचं नाव लाडू. का, ते काचेच्या पेटीत डोकावल्यावर कळलं. या जातीचा अजगर घाबरला की स्वतःचा गोळा करतो. डोकं मधोमध लपवतो आणि बाहेरून अंगाचे वेढे घट्ट आवळतो. लाडवासारखाच. लोकांना ते गोंडस वाटतं, त्याचे फोटो काढतात, ‘झोपलाय बिचारा’ म्हणतात. तो झोपलेला नसतो. त्याची भीतीनं गाळण उडालेली असते. त्याच्या भाषेत तो सांगत असतो, मी इथे नाहीच, तुम्ही जा.

एवढ्यावर समोरचा ऐकला नाही, तर तो मानेला इंग्रजी एस अक्षरासारखी वळणं घालून मागे घेतो. फुसकारतो. तरीही कोणी पुढे आलंच, तर झटका मारतो आणि लगेच सोडून देतो. हा भीतीचा चावा. ‘दूर हो’ एवढाच त्याचा अर्थ. पोटाचा चावा निराळा. तो धरतो, वेढे घालतो आणि सोडत नाही. दोन्हींत रक्त येतं, म्हणून माणसं दोन्हींना एकच नाव देतात: उलटला.

काकूंनी माझ्या हातात एक रजिस्टर दिलं. अंगणवाडीत मुलांची वजनं लिहायचं असतं तसं, लाल रेघा स्वतः मारलेलं. पहिल्या पानावर ‘लाभार्थीचे नाव: लाडू’. खाली दर रविवारचं वजन, तेही पिशवीत घालून तराजूच्या आकड्याला टांगून घेतलेलं. आहार: उंदीर एक. शी: झाली, नाही झाली. स्वभाव: शांत, शांत, शांत, किरकिरा. मी जिल्ह्यातले बरेच सर्पमित्र पाहिले, त्यांच्या मोबाइलमधले हजारो फोटो पाहिले. इतकी नीटस नोंद कोणाकडे बघितली नाही. माझ्याकडेही नाही, हे लिहायला थोडं जड जातंय.

शेवटच्या पानावर होतं:

‘गुरुवार. डोळे दुधासारखे पांढरे. कातडी मळकट. उंदीर नाकारला.’

‘शनिवार. दृष्ट काढली. निखाऱ्यावर आला. माझे मनगट, चार टोचे.’

‘मंगळवार. दृष्ट दुसऱ्यांदा काढली, गावंडे वहिनींच्या हस्ते. वहिनींच्या हातावर आला. सात टोचे.’

“काकू,” मी म्हटलं, “तुम्ही अजगराची दृष्ट काढली?”

“मंग? शेजारपाजारचे सारे पाहून गेल्ते त्याले. एका हप्त्यात डोळे पांढरे झाले. खाणं बंद. लेकराले असं झालं असतं तं तू काय केलं असतं?”

“डॉक्टरकडे नेलं असतं.”

“डॉक्टर म्हणे, ढोरं पाहतो, साप नाही पाहत. मंग मोतीबिंदूचं औषध डोळ्यात टाकलं. टाकू कोठी देते थो!”

मी पेटीजवळ खाली बसले. लाडूचे डोळे खरंच दूध सांडल्यासारखे होते. आणि मला हसू यायला लागलं, कारण त्याला काहीही झालं नव्हतं. तो कात टाकणार होता. साप कात टाकायच्या आधी काही दिवस जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये ओल धरते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरही पारदर्शक कातडीच असते, म्हणून डोळे पांढरे दिसतात. त्या दिवसांत तो जवळजवळ आंधळा असतो. खात नाही, लपून बसतो, हात लावू देत नाही. अशा वेळी त्याला एकटं सोडायचं असतं. काकूंनी त्याला ओवाळलं होतं.

आणि निखाऱ्यांनी ओवाळलं होतं! या अजगराच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात. त्यांनी त्याला ऊब कळते. डोळ्यांना दिसलं नाही तरी समोर गरम काय आहे हे त्याला दिसल्यासारखं समजतं. आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. चार दिवस डोळ्यांपुढे धुकं. आणि अचानक त्या धुक्यातून, एखाद्या जनावराच्या तोंडापेक्षाही गरम असं काहीतरी येतं आणि तुमच्या नाकासमोर सात वेळा गोल गोल फिरतं. वर मिरच्यांचा धूर. तुम्ही काय केलं असतं? मी तर सात टोच्यांवर थांबले नसते.

हे सगळं सांगितलं तेव्हा काकूंनी पेटीत वाकून पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, “म्हणजे दिष्ट नोहे?”

“दृष्ट वगैरे काही नसतं, काकू.” आणि मी माझं अंधश्रद्धेवरचं पत्रक तोंडी म्हणायला घेतलं. निळा कागद, बारशाचा. काकूंनी ते तिसऱ्या वाक्यावर थांबवलं.

“हे समदं तुले मालूम होतं, तं मंग हे काय लिहून ठेवलं तू?”

त्यांनी टीव्हीच्या कपाटातून पिवळा कागद काढून माझ्यासमोर धरला. जाड अक्षरं, माझा हात, माझं उद्गारचिन्ह.

गावंडे साहेब हे अपार्टमेंटचे सचिव. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. बायकोचा हात अजगरानं फोडला म्हटल्यावर त्यांनी माझ्या पत्रकाच्या झेरॉक्स काढून प्रत्येक दाराखालून सरकवल्या होत्या. रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सभा. विषय एकच: अजगर हटवणे. ठराव आधीच टाइप करून झाला होता. सोमवारी एक जीपवाला येणार आणि लाडूला लांबच्या जंगलात नेऊन सोडणार.

“जंगलात सोडतील म्हणते साहेब,” काकू म्हणाल्या. “आपल्या घरी जाईल म्हणते.”

“काकू, त्याचं घर आफ्रिकेत आहे. तो जन्मला पेटीत. आपल्या जंगलात सोडला तर तो मरेल. आणि मरायच्या आधी इथल्या सापांना काय रोग देऊन जाईल, त्याचा नेम नाही.”

काकू रजिस्टर मांडीवर घेऊन बसून राहिल्या. “वर्षभर सांभाळतो म्हणून सांगतलं पोरीले. आता काय सांगू, इथं सभा झाली अन् तुया लाडूले सोडून देलं?”

मी लगेच आवेशात आले. आम्हा पत्रकवाल्यांना आवेश फार लवकर येतो. “सभेत हे रजिस्टर वाचून दाखवू. गावंडे वहिनींच्या हस्ते दृष्ट काढली, सगळं तारीखवार आहे. मुख्याध्यापकांच्या घरातच अंधश्रद्धा! त्यांचाच ठराव त्यांच्यावर उलटतो की नाही बघा.”

काकूंनी रजिस्टर बंद केलं आणि त्याच्यावर हात ठेवला.

“नाही वाचाचं.”

“का?”

“वहिनीनं साहेबाले सांगतलं, वाटी वापस द्याले गेल्ती अन् सापानं धरलं. साहेबाले दिष्ट-बिष्ट चालत नाही. साहेब तुयासारखेच हायेत, साऱ्या दुनियेले शहाणं करत राह्यतेत. घरी मातर बायको खरं बोलाले भेते. म्या बलावलं म्हणून ती आली, तिचा हात गुणाचा हाय म्हणून. तिले मी भर सभेत नाही उघडं पाडणार.”

“मग लाडू जाईल.”

“थे तू पाह्य. पत्रक तुयं हाय.”

त्या रात्री मी सभेसाठी एक नवीन पत्रक लिहायला बसले. तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा फाडलं. माझ्याकडचा खरा पुरावा एकच होता आणि तो लपवायचा होता. दुसरा पुरावाही होता. तो मी स्वतःच बोरी अरबला लपवून आले होते.

रविवारी पार्किंगमध्ये वीस-बावीस प्लास्टिकच्या खुर्च्या. गावंडे साहेब उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिवळी झेरॉक्स. वहिनी मागच्या ओळीत, उजव्या हातावर पट्टी, पदर पट्टीवर ओढलेला. साहेबांनी माझं पत्रक फार छान वाचलं. विरामचिन्हांसकट वाचलं. मी ते इतकं छान लिहिलंय हे मलाही त्यांच्या तोंडून ऐकल्यावर कळलं.

“कारण नसताना कधीही उलटतो!” साहेबांनी कागद खाली घेतला. “हे माझे शब्द नाहीत. तज्ज्ञांचे आहेत. आणि तज्ज्ञ इथंच बसल्या आहेत. ताई, हे तुम्हीच लिहिलं ना?”

“हो.”

“मग आता तुम्ही अजगराच्या बाजूनं बोलाल तर तुमचं कोणतं मत खरं धरायचं?”

सगळे माझ्याकडे वळले. काकू पहिल्या ओळीत, मांडीवर रजिस्टर, त्याच्यावर दोन्ही हात. मला एवढंच करायचं होतं की उठून ते रजिस्टर ओढून घ्यायचं. मागच्या ओळीतल्या वहिनींनी मान खाली घातली होती आणि खांदे जवळ घेतले होते. मी ती बसायची पद्धत ओळखली. चार दिवसांपूर्वी काचेतून पाहिली होती.

मग मी उभी राहिले आणि बाही वर केली.

“हा फोटोतला हात,” मी म्हटलं. “हा कारण नसताना नाही फुटला. मी आधी सहा कोंबड्या धरून काढल्या आणि हात न धुता अजगराला हात लावला. ज्यांच्या कोंबड्या होत्या त्या बाईंनी तिथल्या तिथे मला हे सांगितलं. मी ते पत्रकात घेतलं नाही. घेतलं असतं तर मी मूर्ख दिसले असते. म्हणून मी अजगराला बेभरवशाचा ठरवलं. साहेब, तुम्ही वाचलं ते वाक्य खोटं आहे. साप पाळू नये असं माझं आजही मत आहे, आणि त्यावर मी तुमच्याशी कधीही भांडेन. पण कारण नसताना अजगर चावत नाही. कारण असतं. फक्त ते सांगायला माणसाला लाज वाटते.”

कोणाचा तरी कुकर वरच्या मजल्यावर शिट्टी देऊन गेला.

साहेबांनी चष्मा काढला. “ठीक आहे. तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. पण माझ्या मिसेसच्या बाबतीत काय कारण होतं? ती फक्त वाटी परत द्यायला गेली होती.”

मी बाही खाली केली. काकूंचे हात रजिस्टरवर तसेच राहिले. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“वाटी नव्हती,” गावंडे वहिनी म्हणाल्या.

“काय?”

“वाटी नव्हती म्हटलं. धुपाटणं होतं.” वहिनींचा आवाज पहिल्यांदा बारीक होता, मग वाढला. “निखारे होते त्याच्यात. मी त्याची दिष्ट काढून राह्यली होती. त्याच्या नाकापाशी नेलं. सात फेऱ्या घ्याच्या असतेत, पाचवीले त्यानं मारलं. घ्या! आता लिहा तुमच्या ठरावात.”

साहेब बायकोकडे बघत राहिले. “दृष्ट? अजगराची?”

“तुमची पण काढते मी,” वहिनी म्हणाल्या. “दर अमावस्येले. तुमी झोपल्यावर.”

पुढचं काही वेळ कोणालाच काही ऐकू आलं नाही. तळमजल्यावरचे जोशीआजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. साहेबांचे कान लाल झाले होते. मी इतकी वर्षं सापांची बचावाची वागणूक बघत आले आहे. भर सभेत घेरलेला माणूस पुढे दोनच गोष्टी करतो, फुसकारतो किंवा गोळा होतो. साहेबांनी तिसरीच केली. ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, “मग मी तुला चावलो नाही, हे नशीब.”

एवढ्यात कोणीतरी म्हणालं, “पण तो अजगर एकदा दाखवा तर खरं.”

मी हात लावू देणार नाही या अटीवर चार-चार जण वर गेले. पेटीवरची काकूंची जुनी साडी बाजूला केली. आत लाडू गोळा होऊन बसला होता. लोकांनी काचेत बघितलं. लाडूनं काही केलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एकानं मोबाइल चालू करून धरला, हात दुखेस्तोवर धरला. लाडूनं काही केलं नाही.

“हे एवढंच करते का?” त्यानं विचारलं.

“एवढंच,” काकू म्हणाल्या.

“हलवा न जरा.”

“तुले हलवू काय?”

पंधरा मिनिटांत अजगर बघायला रांग उरली नाही. पार्किंगमध्ये परत आले तोवर सभा वरच्या टाकीच्या मोटारीवर आणि तिसऱ्या मजल्याच्या स्कूटरवर पोचली होती. स्कूटरवर जेवढा आवाज चढला तेवढा अजगरावर चढला नव्हता. शेवटी साहेबांनीच आठवण करून दिली आणि टाइप केलेला ठराव खोडून हातानं नवा लिहिला. पेटीला कुलूप असावे. काकूंखेरीज कोणी हात लावू नये. मुलगी परत आल्यावर तिने अजगर घेऊन जावे. आणि सगळ्यात खाली, मुख्याध्यापकी अक्षरात: ‘सदर अजगराची दृष्ट काढण्यास सक्त मनाई आहे.’ असा ठराव जिल्ह्यात दुसरा नसावा. वहिनींनी पट्टी बांधलेल्या हातानं सही केली.

अजगरावरचं पत्रक मी नंतर नव्यानं लिहिलं. आता त्यात कोंबड्या आहेत. जाड अक्षरांत सुमनबाईंचं वाक्य आहे, त्यांच्याच भाषेत. पहिली प्रत घेऊन बोरी अरबला गेले. सुमनबाईंनी कागद उलटापालटा करून पाहिला. “कागद चांगला हाय,” म्हणाल्या, “पेटीत अंथरतो.” कोंबडी ज्या पेटीत अंडी घालते त्या. मी काही म्हटलं नाही. वाक्य त्यांचं होतं.

पण त्याआधी, सभेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काकूंचा परत फोन आला होता. “लवकर ये,” एवढंच. मी पोचले तर वहिनीही तिथं होत्या. टीपॉयवर वर्तमानपत्र, त्यावर लाडूची कात. नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, मोज्यासारखी उलटी निघालेली. तुकड्यातुकड्यानं निघाली असती तर मला काळजी होती. ही सुरेख होती. पेटीत लाडू नव्या नाण्यासारखा चकचकीत, डोळे काळेभोर, स्वच्छ.

काकूंनी कातीचं तोंड उजेडाला धरलं. डोळ्यांच्या जागी दोन गोल, बारीक भिंगं होती, घड्याळाच्या काचेसारखी.

“हे पाह्य,” त्या म्हणाल्या. “दोन्ही निघाल्या.”

“दोन्ही काय?”

“दिष्टी.”

“काकू, ती डोळ्यावरची कातडी आहे. मी सांगितलं होतं ना...”

“हाओ, हाओ, सांगतलं होतं.” त्यांनी रजिस्टर उघडून पेन माझ्या हातात दिलं. “तूच लिही. तुयं शिक्षण हाय त्याच्यातलं.”

मी लिहिलं: ‘कात पूर्ण टाकली. डोळे साफ. चिंता नाही.’ काकूंनी वाचलं, मान हलवली, पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली आपल्या अंगणवाडीच्या गोल अक्षरात लिहिलं: ‘दृष्ट उतरली.’ वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

हे चालणार नव्हतं. इतकी पत्रकं, एक सभा आणि एवढा उपदेश झाल्यावर हे रजिस्टरमध्ये राहणं मला चालणारच नव्हतं. मी ती ओळ खोडायला, पेटीच्या पलीकडे उभ्या काकूंच्या हातातल्या पेनाकडे पेटीवरून झपकन हात टाकला.

काचेच्या आत लाडूनं मान मागे घेतली. वळण घातलं. थांबला.

मी हात परत घेतला.